फसलेली क्रूझ, १८६७

१८६७च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कमध्ये एक छापील पत्रक फिरत होतं. ‘क्वेकर सिटी’ नावाची वाफेची बोट जूनमध्ये निघणार होती. युरोप, भूमध्य समुद्र, क्रिमिया, जेरुसलेम, इजिप्त असं सगळं दाखवून ती थंडीच्या तोंडावर प्रवाशांना घरी आणून सोडणार होती. बोटीवर ग्रंथालय असेल, वाद्यं असतील, अनुभवी डॉक्टर असेल, असं पत्रकात म्हटलं होतं. तिकीट सरसकट कुणालाही मिळणार नव्हतं. आधी अर्ज करायचा, मग एक समिती तो तपासणार. भाडं माणशी १२५० डॉलर, म्हणजे तिथल्या साध्या मजुराच्या दोन वर्षांच्या कमाईपेक्षाही जास्त. शिवाय किनाऱ्यावरच्या खर्चासाठी रोजचे पाच डॉलर सोन्यात जवळ ठेवा, अशी सूचनाही होती.

सगळ्यात मोठं आकर्षण होतं सोबत येणाऱ्या माणसांचं. ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चचे गाजलेले धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर येणार होते. नुकत्याच संपलेल्या यादवी युद्धातले सेनापती जनरल शर्मन येणार होते. मॅगी मिचेल ही लोकप्रिय नटी येणार होती. प्रत्यक्षात यांच्यापैकी एकही जण आला नाही. बीचर येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या चर्चमधल्या अनेकांनीही माघार घेतली. उरले साठ-सत्तर प्रवासी.

ओळखीचं वाटतंय ना? ब्रोशरमध्ये एक, हातात दुसरंच. मौजेचा समुद्रप्रवास जितका जुना आहे, जवळपास तितकीच त्याबद्दलची नाराजीही जुनी आहे. १८४४मध्ये पी अँड ओ या बोट कंपनीने इंग्रज कादंबरीकार थॅकरेला भूमध्य समुद्राची फुकट सफर घडवली होती. त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात बोट लागण्याच्या हकिगतीही आल्या. पण फसलेल्या सुट्टीचं माणसं नेमकं काय करतात हे बघायचं असेल, तर ‘क्वेकर सिटी’इतकं चांगलं प्रकरण मला सापडलेलं नाही. कारण त्या साठ-सत्तर जणांत एकतीस वर्षांचा एक पत्रकार होता. त्याचं नाव सॅम्युअल क्लेमेन्स. लिखाणावर तो ‘मार्क ट्वेन’ अशी सही करायचा.

ट्वेनने स्वतःच्या खिशातून तिकीट काढलं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या वर्तमानपत्राने त्याचे पैसे भरले होते. बदल्यात त्याने प्रवासभर पत्रं पाठवायची, एका पत्राचे वीस डॉलर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

बोट ८ जूनला सुटली आणि लगेच थांबली. बाहेर वादळ होतं. न्यू यॉर्कच्याच बंदरात नांगर टाकून प्रवासी दोन दिवस बसून राहिले. ‘क्वेकर सिटी’ काही मौजेसाठी बांधलेली बोट नव्हती. दोन्ही अंगांना चाकं असलेली ही बोट यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलात लढून आली होती. खुल्या समुद्रात शिरल्यावर पहिले काही दिवस निम्मी मंडळी आडवीच होती. हवा निवळल्यावर डेकवर नाच सुरू झाला, पण वाद्यं बेताची होती आणि बोट डावीकडे कलली की नाचणारे सगळे कठड्याकडे घसरत जायचे. मग नाच बंद पडला. प्रवासी बहुतेक चाळिशीच्या पुढचे आणि देवभक्त, त्यामुळे संध्याकाळी प्रार्थना आणि त्यानंतर डॉमिनोज. सुरुवातीला वीस-तीस जण रोज रात्री दिव्याखाली बसून रोजनिशी लिहायचे. काही आठवड्यांत त्यातले बहुतेक गळाले. पहिल्या दिवशी चाळीस स्टोऱ्या टाकणारा आणि चौथ्या दिवशी गप्प झालेला मित्र तुम्हालाही आठवला असेल.

त्यात भूमध्य समुद्राच्या काठाने कॉलऱ्याची साथ पसरलेली. प्रत्येक बंदराला बोटीची धास्ती. बोटीसोबत राहिलेल्या प्रवाशांना नेपल्सच्या बंदरात क्वारंटाइनमध्ये अडकून पडावं लागलं. समोर व्हेसुव्हियस दिसतोय, पण खाली उतरायचं नाही. अथेन्सच्या बंदरातही तेच झालं. अकरा दिवस थांबा, नाहीतर पुढे जा, असं सांगितलं गेलं. बोटीने पुढे जायचं ठरवलं. अमेरिकेहून निघताना ज्या अ‍ॅक्रोपोलिसची स्वप्नं पाहिली, ती दुर्बिणीतून बघून निघायचं.

इथे मला आमची गोष्ट सांगावीशी वाटते. आईच्या साठीला आम्ही भावंडांनी पैसे जमवून आई-बाबांसोबत मुंबईहून तीन रात्रींची क्रूझ केली. त्यात एक दिवस बेटावर उतरायचं होतं. आईने त्यासाठी खास टोपी घेतली होती. आदल्या रात्री घोषणा झाली की समुद्र खवळलाय, बेट रद्द. त्याबद्दल पैसे परत मिळणार नव्हते, तशी अट बारीक अक्षरांत होतीच. खोलीच्या खिडकीसमोर नारिंगी जीवरक्षक नाव टांगलेली, त्यामुळे समुद्र दिसायचा तो एका कोपऱ्यातून. नाश्त्याला रांग, लिफ्टला रांग. तरी मावशीचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, “काय सांगू तुला, राजवाडा आहे नुसता!”

आई खोटं का बोलली असेल, यावर मी बराच विचार केला आहे. पोरांनी खर्च केलाय, त्यांना वाईट वाटायला नको, हे एक कारण. पण ज्याने पैसे भरलेत, रजा घातली आहे, चार जणांना सांगून ठेवलं आहे, त्याला नाराज होण्याची मुभाच नसते, हेही खरं. बेत फसला म्हणायचं तर आपणही फसलो असं म्हणावं लागतं. मग माणूस हट्टाने आनंदी राहतो.

ही गाठ सोडवली बाबांनी. शेवटच्या रात्री डेकवर ते लहानपणच्या कोकणच्या बोटीबद्दल बोलायला लागले. भाऊच्या धक्क्यावरून आजीबरोबर निघायचं, डेकवर सतरंजी टाकून जागा अडवायची, विजयदुर्गाला बोट लांब उभी राहिली की तिथून पडावात उतरायचं. “मला अशी बोट लागायची की विजयदुर्ग येईपर्यंत मी जिवंत नसायचोच,” बाबा म्हणाले. हसता हसता आई म्हणाली, “माझं बेट मात्र राहिलंच.” तीन दिवसांत पहिल्यांदा ती खरं बोलली होती. त्यानंतरच्या दोन तासांत आम्ही जेवढे हसलो, तेवढे आधीच्या तीन दिवसांत हसलो नव्हतो.

‘क्वेकर सिटी’वरही अशी दोन प्रकारची माणसं होती. एक गट पत्रकाला धरून बसलेला. जे पाहायचं ठरलंय ते पाहायचंच, आणि पुस्तकात जसं वर्णन आहे तसंच ते वाटून घ्यायचं. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ हे भिंतीवरचं चित्र पार विटलेलं होतं. तरी लोक त्याच्यासमोर उभे राहून रंगांची वाहवा करत होते. जे रंग उरलेलेच नाहीत ते यांना दिसतात कसे, असा ट्वेनला प्रश्न पडला. पुढे सिरियात काही भाविकांना रविवारी घोड्यावर बसायचं नव्हतं. म्हणून त्यांनी दमास्कसची तीन दिवसांची वाट दोन दिवसांत कापायला लावली. थकलेल्या घोड्यांचे हाल ट्वेनला बघवले नाहीत आणि याबद्दल त्याने सहप्रवाशांना माफ केलं नाही.

मासला म्हणावा असा प्रसंग गॅलिलीच्या सरोवरावरचा. येशू ज्या पाण्यावर वावरला तिथे नावेतून फिरायचं, हे या भाविकांचं आयुष्यभराचं स्वप्न. त्यासाठी ते अर्धं जग ओलांडून आलेले. किनाऱ्यावर नाव आली. नावाड्याने आठ डॉलर मागितले. मंडळी म्हणाली, चार देऊ. नावाड्याने नाव वळवली आणि तो निघून गेला. मग हे लोक काठावरून आठ डॉलर घे म्हणून ओरडत राहिले, पण तो काही परतला नाही. ट्वेनने हे रंगवून सांगितलं असेल, तो त्याचा धंदाच होता. पण सुट्टीवर गेलेला कोणताही माणूस हे वाचून मान डोलावेल. लाखभर रुपये घालून गेलेले आपण रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून वाद घालून अर्धा दिवस नासवतो.

दुसरा गट लहान होता. ट्वेन त्यात होता. अथेन्सच्या बंदरात बोट अडली त्या रात्री चौघे जण छोट्या नावेतून गुपचूप किनाऱ्यावर गेले. पकडले गेले असते तर तुरुंगवास होता. वाटेत द्राक्षमळ्यांत हात मारत ते चालत अ‍ॅक्रोपोलिसवर पोहोचले, पहारेकऱ्यांना उठवून आत शिरले आणि चांदण्यात पार्थेनॉन पाहिलं. उजाडायच्या सुमाराला परत बोटीवर. संपूर्ण प्रवासातला हा ट्वेनचा सर्वांत सुंदर अनुभव म्हणायला हरकत नाही, आणि तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. क्वारंटाइन मोडा असं मी सांगत नाही; कॉलऱ्याच्या काळात तर मुळीच नाही. मुद्दा एवढाच की ठरलेलं बंद झाल्यावर या चौघांनी समोर जे होतं त्याच्याकडे नव्याने पाहिलं.

जिथे काहीच करता येत नसे तिथे ट्वेनने गंमत शोधली. गाइड ठरावीक ठिकाणी ठरावीक उसासे टाकायची अपेक्षा करायचे. ट्वेन आणि त्याचे मित्र चेहरा कोरा ठेवून, कोलंबसाच्या पुतळ्यासमोर, हे गृहस्थ वारले का, असं विचारायचे. गाइड रडकुंडीला यायचा. शिवाय त्याने माणसं जोडली. क्लीव्हलँडच्या एका वर्तमानपत्रासाठी लिहिणाऱ्या मेरी फेअरबँक्स त्याच्यापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या, पण तो त्यांना आईच म्हणू लागला आणि ते नातं पुढे कितीतरी वर्षं टिकलं. चार्ली लँग्डन नावाच्या तरुणाने त्याला आपल्या बहिणीचं चित्र दाखवलं. त्या ऑलिव्हियाशी ट्वेनने १८७०मध्ये लग्न केलं.

बोट १९ नोव्हेंबरला न्यू यॉर्कला परतली. त्याच रात्री ट्वेनने एक पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते ‘न्यू यॉर्क हेराल्ड’मध्ये छापून आलं. आनंदसहल म्हणवणाऱ्या या प्रवासाची तुलना त्याने थेट अंत्ययात्रेशी केली. प्रवाशांचं वय, त्यांच्या प्रार्थना, ते डॉमिनोज, काही म्हणून सोडलं नाही. सहप्रवासी भडकले. त्यांचा राग मला समजतो. ट्वेनला नावं ठेवणं परवडत होतं, कारण तिकीट वर्तमानपत्राचं होतं. बाकीच्यांचे १२५० डॉलर स्वतःचे होते. ते आईसारखे होते.

गोष्ट इथेच संपली असती तर हे फक्त एक खरमरीत परीक्षण ठरलं असतं. पण प्रकाशकाने पुस्तक मागितलं आणि ट्वेनला त्या पत्रांकडे परत जावं लागलं. १८६९मध्ये ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ आलं आणि तडाखेबंद खपलं. त्याच्या हयातीत त्याचं सगळ्यात जास्त विकलं गेलेलं पुस्तक हेच. त्यात ट्वेनने एक प्रामाणिक गोष्ट केली. ‘हेराल्ड’मधलं ते कडू पत्र लपवलं नाही, जसंच्या तसं घातलं. आणि त्याच्यामागून समारोप जोडला. त्यात तो कबूल करतो की वर्षभरात वाईट आठवणी एकेक करून विरल्या, चांगल्या उरल्या, आणि तीच बोट त्याच प्रवासाला पुन्हा निघाली तर आपण आनंदाने जाऊ.

इतिहासाचं वाचन करताना आपल्याला नेहमी विचारावंसं वाटतं, यातलं खरं कोणतं? त्याच रात्रीचं पत्र की वर्षानंतरचा समारोप? मला वाटतं दोन्ही, आणि ते दोन्ही शेजारी शेजारी आहेत म्हणूनच. फक्त समारोप असता तर ती जाहिरात झाली असती. फक्त पत्र असतं तर पार्थेनॉनवरचं चांदणं त्यात हरवलं असतं. काळ जातो तसा कडवटपणा जातो, हे खरं आहे. पण पर्यटनाचा धंदा याच विसराळूपणावर चालतो, हेही विसरू नये. बंदर चुकलं, खोली दाखवली तशी नव्हती, तर तक्रार त्याच आठवड्यात, लेखी, फोटोंसह करायची. वर्षभराने आपण मऊ पडलेले असतो.

पुढे ट्वेन कर्जात बुडाला आणि ते फेडण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर जगभर व्याख्यानं देत फिरला. १८९६च्या जानेवारीत तो मुंबईत उतरला आणि वॉटसन्स हॉटेलात राहिला. जगभरच्या त्या फेरीवरही त्याने पुस्तक लिहिलं. तेव्हाचे प्रवास हौसेचे नव्हते. तरी इथली माणसं, इथले रंग, हॉटेलच्या आवारातले कावळे त्याने डोळे भरून पाहिले. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जितक्या आवडीने लिहिलं, तितक्या आवडीने युरोपातल्या कित्येक नामांकित चित्रांवरही लिहिलं नव्हतं. ब्रोशरमध्ये कावळे कुणी छापत नाही.