थैलीतला हात

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये अँटवर्पचा चित्रकार क्वेंटिन मासीस याचे एक चित्र आहे. काळ साधारण १५२० ते १५२५. एक म्हातारा तरुणीला बिलगला आहे. ती एका हाताने त्याची हनुवटी कुरवाळते आणि दुसऱ्या हाताने त्याची पैशांची थैली मागच्या विदूषकाकडे सरकवते. समोर टेबलावर पत्ते आणि नाणी. म्हाताऱ्याचा चेहरा लिओनार्दोच्या विद्रूप चेहऱ्यांच्या रेखाटनांवरून घेतलेला आहे. म्हणजे हा कुणी खरा माणूस नव्हे, हसण्यासाठी घडवलेला मुखवटा आहे.

विजोड जोडप्यांची अशी चित्रे जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून छापील ठशांतून घरोघरी जाऊ लागली. लुकास क्रानाखच्या विटेनबर्गमधल्या चित्रशाळेने तर त्यांचा धंदाच केला. थोडे कपडे बदलायचे, थोडी मान कलती करायची, की नवे चित्र तयार. कधी म्हातारा आणि तरुणी, कधी म्हातारी आणि तरुण. फरक एवढाच, की म्हाताऱ्याची थैली चोरली जाते आणि म्हातारी आपल्या हाताने तरुणाच्या तळहातावर नाणी मोजते. १५२५ मध्ये एक्केचाळीस वर्षांच्या मार्टिन ल्यूथरने सव्वीस वर्षांच्या काटरीनाशी लग्न केले, तेव्हा साक्षीला हाच क्रानाख होता. त्या नवराबायकोची त्याने काढलेली व्यक्तिचित्रे मात्र गंभीर आणि आदराची आहेत. पंधरा वर्षांचे अंतर तिथे कुणाच्या हसण्यावारी गेले नाही.

मराठी वाचकाला इथे देवलांचे ‘शारदा’ आठवणारच. १८९९ चे ते नाटकही जरठ-कुमारी विवाहावरचे, तिथेही लग्नाळू म्हाताऱ्याची खिल्ली आहे. पण पैसा कुणाच्या हाती जातो ते पाहा. भुजंगनाथाचे पैसे कांचनभटाला हवे असतात, बापाला. शारदेच्या पदरात फक्त म्हातारा पडणार असतो. युरोपातल्या या चित्रांत बाप नाहीच. थैलीत हात घालते ती मुलगी. दोघांना जवळ आणणारा तिसरा माणूस चौकटीबाहेर ठेवला, की जिचा सौदा झाला तीच चोर दिसू लागते. मला या चित्रांचे हसू इथे खटकते.

तो तिसरा माणूस कागदपत्रांत मात्र सापडतो. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने १४९५ च्या सुमारास याच विषयावर एक ताम्रपट कोरला: झाडाला घोडा बांधलेला, म्हातारा थैलीत हात घालतो आहे आणि तरुणीने हात पुढे केला आहे. त्याच्या आदल्याच वर्षी ड्यूररचे स्वतःचे लग्न झाले होते. तो प्रवासातून परतल्यावर हान्स फ्राय आणि ड्यूररचे वडील यांची बोलणी झाली. फ्रायने मुलगी आग्नेस दिली आणि सोबत २०० गुल्डेन दिले. ही हकीकत ड्यूररनेच १५२४ मध्ये लिहिलेल्या कुलवृत्तांतात नोंदवली आहे.

त्याच वृत्तांतात आईवडिलांचे लग्नही आहे. वडील सोनार. १४५५ मध्ये ते न्यूरेंबर्गला आले आणि हिएरोनिमुस होल्पर या सोनाराकडे बारा वर्षे राबले. १४६७ मध्ये होल्परने त्यांना आपली मुलगी बार्बरा दिली. नवरा चाळीस वर्षांचा, नवरी पंधराची. पुढच्याच वर्षी ते उस्ताद म्हणून दुकान चालवू लागले. या लग्नात थैली कुणी चोरली नाही; बारा वर्षांची चाकरी आणि पुढचा धंदा यांच्या मधोमध एक मुलगी होती. तिला अठरा मुले झाली. प्रत्येकाच्या जन्माचा दिवस वडिलांनी लिहून ठेवला. मोठेपणी तीनच उरली.

म्हणजे विजोड जोडप्याचा तो विनोद कोरणारा हात अशाच एका जोडप्याच्या घरात वाढला होता. कोरताना ड्यूररला आई आठवली असेल का, हे त्या ताम्रपटावरून कळत नाही. तो बाजारात चालणारा विषय होता आणि ठसे खपत होते. पण १५१४ च्या मार्चमध्ये त्याने आईचे कोळशाने रेखाटन केले, ते आज बर्लिनमध्ये आहे. गालांची हाडे वर आलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या, नजर कुठेतरी बाजूला. वर तिचे वय लिहिले, त्रेसष्ट. दोन महिन्यांनी ती गेली, तेव्हा त्याच कागदावर त्याने शाईने मृत्यूचा दिवस आणि वेळ लिहिली.