मजकुरातून आकृती, एका आज्ञेत

देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या तुकाराम महाराजांच्या पालखीचे मुक्काम दाखवणारी आकृती संगणकावर काढायची झाली, तर बहुतेक जण माऊस हाती घेऊन चौकटी आणि बाण मांडू लागतात. नंतर मधला एखादा मुक्काम राहून गेल्याचे लक्षात आले, की सगळी मांडणी पुन्हा सरकवावी लागते. कारखान्यातील उत्पादनप्रक्रियेच्या आकृतीबाबतही हेच घडते. त्यावर उपाय म्हणजे आकृती मजकुरात लिहिणे व तिचे चित्र संगणकाकडून करून घेणे.

या कामासाठी 'ग्राफव्हिज' हे साधन प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील 'एटी अँड टी'च्या प्रयोगशाळेत विकसित झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींवर विनामूल्य चालते.

लेखन कसे करावे?
नोटपॅडसारख्या साध्या संपादकात 'डायग्राफ' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून महिरपी कंस उघडावा. आत देहू, आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड ही नावे अवतरणचिन्हांत क्रमाने लिहावीत. दोन नावांमध्ये वजाचिन्ह आणि त्याला जोडून 'पेक्षा मोठे' हे चिन्ह टाकले, की बाण तयार होतो. शेवटी कंस बंद करावा. कोणते नाव कोठे बसवायचे, हे साधन स्वतः ठरवते.

चित्र कसे मिळते?
विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, तर लिनक्सवर टर्मिनल उघडून 'डॉट' ही आज्ञा द्यावी. तिच्यापुढे चित्राचा प्रकार (पीएनजी, एसव्हीजी किंवा पीडीएफ), मूळ फाइलचे नाव आणि तयार होणाऱ्या चित्राचे नाव लिहावे. मुक्काम वाढवायचा असल्यास एक नाव व एक बाण घालून तीच आज्ञा पुन्हा द्यायची.

मराठीसाठी दक्षता
फाइल 'यूटीएफ-८' पद्धतीने साठवावी आणि तिच्यात देवनागरी फाँटचे नाव स्पष्ट नमूद करावे. अन्यथा अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसू शकतात. पीएनजीमध्ये अक्षरे चित्राचाच भाग होतात. एसव्हीजीमध्ये ती मजकूर म्हणूनच राहत असल्याने पाहणाऱ्याच्या संगणकावरही योग्य फाँट हवा. छपाईपूर्वी 'आकुर्डी'मधील रफार आणि जोडाक्षरे जागेवर आहेत का, हे तपासणे इष्ट.

अन्य पर्याय
'डिटा' हे साधन वजाचिन्हे व उभ्या रेघांनी रेखाटलेल्या चौकटींचे सुबक चित्र करते. 'प्लँटयूएमएल' आणि 'मर्मेड' ही साधने सॉफ्टवेअरच्या आराखड्यांसाठी विशेष वापरली जातात.

या पद्धतीचा खरा लाभ पुढे दिसतो. आकृती काढणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला, तरी मूळ मजकूर कोणालाही वाचता व सुधारता येतो. जुन्या आणि नव्या फाइलची तुलना केल्यास नेमकी कोणती ओळ बदलली, हेही कळते. केवळ चित्र जपून ठेवल्यास ही सोय राहत नाही. म्हणून चित्रासोबत त्याची मजकूर-फाइलही जतन करावी.