दाखल्यावरील तारीख

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत देवस्थानांचा, वसतिगृहांचा व दानशूर पूर्वजांचा इतिहास दरवर्षी छापून येतो, आणि तो यावयासच हवा. यंदा मात्र समाजबंधू-भगिनींपुढे आम्ही निराळाच इतिहास मांडणार आहोत. आपल्या घरातील अज्ञान मुलांना कायद्याच्या दारात केव्हा व कसे स्थान मिळाले, याचा हा इतिहास आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वकिलीचे शिक्षण आम्हांस नाही. परंतु शाळेचे जनरल रजिस्टर ज्याने आयुष्यभर सांभाळले, त्याला जन्मतारखेची किंमत कळते. आम्हांस ती उशिरा कळली.

आरंभ मुंबईच्या रखमाबाईपासून करावा लागतो. तिचे लग्न ती अकरा वर्षांची असताना झाले होते. पुढे नांदावयास जाण्याचे तिने नाकारले, तेव्हा पती दादाजी भिकाजी याने १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर दावा पुन्हा चालला आणि १८८७ साली, नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करण्याची तिने तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे ती इंग्लंडात शिकून डॉक्टर झाली. अजाणत्या वयात लावलेले लग्न त्या मुलीस बांधते काय, हा प्रश्न या खटल्याने देशापुढे आणला. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, त्यामागे या खटल्याने उठलेली चर्चाही होती.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रखमाबाई लढू शकली, कारण सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते आणि मुंबईची सुशिक्षित मंडळी मदतीस आली. पहूरच्या पेठेतील अथवा कसब्यातील एखाद्या पोरक्या मुलीस वकील कोण देणार होते?

१९२९ साली हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. मुलीस चौदा व मुलास अठरा वर्षे ही मर्यादा १ एप्रिल १९३० पासून अंमलात आली. त्या तारखेपूर्वी देशभर लहान मुलांची लग्ने उरकण्याची एकच घाई उडाली. आपला जामनेर तालुका तेव्हा पूर्व खानदेशात, म्हणजे इंग्रजी मुलखात होता. अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की निजामाची हद्द लागे आणि तेथे हा कायदा नव्हता. संस्थानी हद्दीत जाऊन लग्ने लावण्याचे प्रकार देशात इतके झाले की १९३८ साली कायदा दुरुस्त करावा लागला. शिवाय कोणी फिर्याद केल्यावाचून कोर्ट दखल घेत नसे, आणि आपल्याच भावकीविरुद्ध फिर्याद करणार कोण? १९७८ साली मर्यादा अठरा व एकवीस झाली, तरी हा प्रश्न उरलाच.

आता आमची हकीकत सांगतो. १९८८ चा सुमार असावा. तालुक्यातील एका खेड्यात आम्ही शिक्षक होतो. सातवीतील एका मुलीचे वडील वारले होते. तिचे चुलते शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आले. लग्न ठरले होते. मुलगी दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, “गुरुजी, दाखला देऊ नका.” रजिस्टरात तिचे तेरावे वर्ष स्पष्ट दिसत होते. कायदा आम्हांस ठाऊक होता. पण चुलते आपल्याच समाजातील, त्यांच्या पंक्तीस आम्ही बसलेलो. आम्ही दाखला लिहिला, शिक्का मारला आणि गप्प राहिलो. लग्नाची पत्रिका आली, तेव्हा आहेरही पाठविला.

नऊ-दहा वर्षांनी तीच मुलगी आपल्या लेकीचे नाव पहिलीत घालावयास आली. नवऱ्याने टाकल्यामुळे ती माहेरी राहत होती. त्या काळी तारीख ठाऊक नसली म्हणजे आम्ही शिक्षक सर्रास १ जून लिहीत असू. आमची लेखणी टेकताच ती म्हणाली, “तारीख खरी लिहा, गुरुजी. पुढे तिला लागेल.” मागचा शब्दही तिने काढला नाही. तो काढला असता तर बरे झाले असते.

या काळात मुलांचे वकीलपत्र घेणारी व्यवस्था हळूहळू उभी राहत होती. मुंबई सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती न. ह. भगवती यांची समिती गरिबांस कायद्याची मदत देण्याविषयी नेमली होती. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेसाहाय्याचे ३९-अ हे कलम राज्यघटनेत आले. पत्रकार शीला बरसे यांच्या अर्जावर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुलांस तुरुंगात ठेवू नये, असे बजाविले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये स्त्रिया व मुले यांस उत्पन्न न पाहता वकील व सल्ला मोफत मिळतो. मोठ्या वकिलाची फी हे कारण आता उरलेले नाही.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने तर अज्ञानपणी झालेले लग्न रद्द करून मागण्याचा हक्क त्या मुलासच दिला आहे. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत तो बजावता येतो. खेड्यात असे लग्न रोखण्याचे काम महाराष्ट्राच्या नियमांनी ग्रामसेवकाकडे सोपविले. आणि आपण कार्यकर्त्यांनी विशेष वाचावे असे अकरावे कलम आहे: असे लग्न होऊ देणाऱ्या संस्थेच्या सभासदांसही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

पाचोरा–जामनेर छोट्या गाडीने पहूरला वऱ्हाडे उतरत, तो काळ गेला. ती गाडीही २०२० साली थांबली. आता लग्ने मंडळाच्या मांडवात सामुदायिक रीतीने होतात. म्हणून आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे की, नावनोंदणीच्या वेळी जन्माचा मूळ दाखला पाहिल्याशिवाय पावती फाडू नये. तसेच १०९८ हा मुलांच्या मदतीचा व १५१०० हा मोफत कायदेसाहाय्याचा क्रमांक मांडवाच्या दारी मोठ्या अक्षरांत लावावा. दाखले तपासावयास माणूस कमी पडल्यास आम्हांस बोलवावे. एक दाखला आम्ही न बोलता दिला आहे. दुसरा तसा आमच्या हातून जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.