ग्रंथालयाच्या दारातून चित्रपट

फ्रीगंजातील टावर चौकात संध्याकाळी आम्ही निवृत्त मंडळी जमतो, तेव्हा बोलणे हटकून जुन्या चित्रपटांवर येते. एकदा कोणी ‘सतह से उठता आदमी’चे नाव काढले आणि आम्ही ओशाळलो. गजानन माधव मुक्तिबोध हे ग्वाल्हेर संस्थानात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. शिक्षणाची काही वर्षे त्यांनी उज्जैनीतच काढली. ते हिंदीत लिहीत, तर बंधू शरच्चंद्र मराठीत. मुक्तिबोधांच्या लेखनावर मणि कौल यांनी १९८० साली हा चित्रपट केला आणि १९८१ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. आम्ही मात्र याच राज्याची चाकरी करूनही तो कितीतरी वर्षांनी, घरच्या संगणकावर पाहिला.

दोष केवळ आमच्या अनास्थेचा नव्हे. असे चित्रपट व्यापारी चित्रगृहांत क्वचितच येत. त्यांची वाट वेगळी होती. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे मिळवून जपणारे पी. के. नायर तेथलेच. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे, तशा १६ मि.मी.च्या प्रती हे संग्रहालय सोसायट्यांना देई. जेथे सोसायटी नव्हती तेथे दूरदर्शनची रविवार दुपार हाच आधार. प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट आम्ही शेजाऱ्यांसह तेव्हाच पाहिले.

आज ही देवघेव खरोखरच ग्रंथालयांकडे आली आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ‘कॅनोपी’वर ग्रंथालयाच्या सभासदपत्रावर जगभरचे निवडक चित्रपट विनामूल्य पाहता येतात. परदेशी गेलेली आपली मुले-नातवंडे त्याचा लाभ घेतात. मात्र प्रेक्षकाला जे फुकट, त्याचे मोल ग्रंथालय प्रत्येक पाहण्यागणिक मोजते. हा भार न पेलल्याने २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती सेवा थांबवली.

आपल्या पूर्वजांनी परमुलखात वर्गणी काढून वाचनालये चालवली, म्हणून मराठी आपल्या घरांत टिकली. तीच वर्गणी, रीतसर परवानगी घेऊन, महिन्यातून एका चित्रपटासाठी का काढू नये? पोथ्यांच्या कपाटाशेजारी एक पांढरा पडदा लावण्यास जागा पुष्कळ आहे. आरंभ मुक्तिबोधांपासून व्हावा, एवढीच आमची विनंती.