चष्म्याची फ्रेम आणि चेहरा

चष्मा इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस जन्मास आला. परंतु कानावर टेकणाऱ्या काड्या त्यास लाभल्या त्या अठराव्या शतकांत, लंडनमध्यें. मधलीं चारशेंहून अधिक वर्षें तो नाकाच्या मेहेरबानीवर टिकून होता! भिंग गोल घासलेलें, म्हणून फ्रेमही बहुधा गोल. चेहऱ्यास काय शोभेल हा विचार मागाहूनचा.

आज ठाणें-डोंबिवलीच्या चष्म्याच्या दुकानांत पहिला उपदेश मिळतो तो असा, कीं वाटोळ्या चेहऱ्यास कोनदार फ्रेम घ्यावी. नियम वाईट नाहीं. विरुद्ध रेषा एकमेकींस उठाव देतात. फ्रेम नाकावरून घसरत असेल तर मात्र असले सारे नियम व्यर्थ होत. पण ठाण्यांत वा कल्याणांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याकडे पाहावें. चेहरा भरदार, वाटोळा, आणि चष्मा? तोही गोलच. नियमानें जें विजोड ठरावें, तेंच त्या मुद्रेची ओळख होऊन बसलें.

गांधीजींच्या कृश मुखावरील बारीक तारेचीं वर्तुळें तर त्याहून बोलकीं. २०१४ सालीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या चिन्हांत चेहरा अजिबात नाहीं. एका काचेंत ‘स्वच्छ’, दुसरींत ‘भारत’, एवढेंच. हें चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनीं रेखाटलेलें आहे.