भयपट आणि ‘प्रौढांसाठी’ प्रमाणपत्र

भारतात चित्रपटांना चित्रपट कायदा, 1952 नुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ प्रमाणपत्र देते. मुख्यालय मुंबईत असले, तरी प्रमाणपत्र देशभर लागू असते. त्यामुळे ‘ए’ चित्रपटाला 18 वर्षांखालील प्रेक्षक मुंबईत चालत नाही, तसा हिमायतनगरसारख्या लहान गावातही नाही. 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हिंसा आणि क्रौर्याच्या जोडीला भयाचा स्वतंत्र उल्लेख आहे.

भयपटात रक्तपात कमी असला तरी बंधन येऊ शकते. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ला (2018) ‘ए’ मिळाले. कणकेच्या बाहुल्यांवर झडप घालणारा हस्तर, शापाने विद्रूप झालेली म्हातारी आणि तिच्यासमोर एकटे पडलेले पोर पाहताना लहान मुलाला कल्पित व वास्तव वेगळे करता येत नाही. भीती झोपेतही पाठ सोडत नाही. हेच बंधनाचे खरे आणि रास्त कारण होय. ब्रिटनमध्ये तर 1930 च्या दशकात भयपटांसाठी ‘एच’ हा वेगळा शिक्का होता.

भारतात कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या ‘यूए’ वर्गाचे 7, 13 व 16 वर्षांवरील असे टप्पे पाडले. मोबाइलवर मात्र दारावर तिकीट तपासणारा नसतो. तेथे पालकांनीच वयाची खूण पाहावी.