परग्रहावरील स्वारी आणि इतिहासाची साक्ष

दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं जमलेल्या मुलांनीं एके रात्रीं ‘इंडिपेंडन्स डे’ हा १९९६ सालचा अमेरिकन चित्रपट लावला आणि आम्हां वडील मंडळींसही आग्रहानें बसवून घेतलें. अंतराळांतून एक अवाढव्य नौका येते, तिच्या पोटांतून निघालेल्या कित्येक मैल रुंदीच्या तबकड्या मोठमोठ्या शहरांवर येऊन थांबतात, आणि ठरल्या घटकेस राजधान्या भस्मसात् होतात. अखेर दोन वीर शत्रूच्या मुख्य नौकेंत शिरून तिच्या यंत्रांत संगणकाचा विषाणु सोडतात आणि स्वारीचा निकाल लागतो. येथें आमचा इंजिनियर पुतण्या मोठ्यानें हसला. चित्रपटांतील एक सेनाधिकारी त्या मुख्य नौकेचा व्यास साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक आणि वस्तुमान चंद्राच्या चतुर्थांशाएवढें सांगतो. पुतण्यानें कागद ओढून गणित मांडलें आणि जाहीर केलें कीं, हें खरें धरलें तर ती नौका सोन्याच्या दसपट जड अशा पदार्थाची भरीव बनविलेली असली पाहिजे. आणि चित्रपटांत तर ती आंतून पोकळ दिसते!

आमच्या वडील भगिनी तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्या इतका वेळ स्वस्थ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, जड-हलकें राहूं दे. एवढी मोठी स्वारी झाली, आणि फितूर एकही नाहीं, हें कसें?”

मुलें हंसलीं. आम्हीही हंसलों. परंतु तो प्रश्न मनांतून जाईना, आणि त्याच्या मागें लागून ह्या जातीच्या कथांचा इतिहास आम्हीं पुन्हां चाळला. त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

शास्त्राच्या कसोटीस ह्यांपैकीं फारच थोडे चित्रपट उतरतात, हें आरंभींच कबूल करून टाकावें. सूर्याखेरीज आपणांस सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ सालीं सोडलेलें ‘व्हॉयेजर-१’ हें यान ज्या वेगानें चाललें आहे त्या वेगानें तेवढें अंतर तोडावयास सत्तर हजारांहून अधिक वर्षें लागतील. एवढा प्रवास ज्यांना साधतो त्यांनीं पृथ्वीवर पाण्यासाठीं यावें, हें गंगा ओलांडून विहिरीवर घागर भरावयास येण्यासारखें आहे; बर्फ तर आपल्या सूर्यमालेच्या कडेलाच हवा तेवढा पडला आहे. २००२ सालच्या ‘साइन्स’ ह्या चित्रपटांतील परग्रहवासी पाण्याच्या स्पर्शानें भाजतात, आणि तरीही ज्या ग्रहाचा सुमारें सत्तर टक्के पृष्ठभाग पाण्याखालीं आहे तेथें उघड्या अंगानें उतरतात. ह्यावर अधिक लिहिणें व्यर्थ होय. पण इतकें असूनही प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो, हेंही तितकेंच खरें. आपल्याकडे क्षेमेंद्रानें काव्याचें जीवित औचित्यांत पाहिलें. चित्रपट खरा वाटणें हें ह्या औचित्यावर अवलंबून आहे. वस्तु घडण्याजोगी आहे कीं नाहीं ह्यावर नव्हे. प्रश्न एवढाच उरतो कीं, परग्रहाच्या स्वारीचें औचित्य कोठून आलें?

ह्या कथांचा माग काढूं गेलें तर तो हिंदुस्थानांत येऊन पोंचतो. जॉर्ज टॉमकिन्स चेस्नी हा बंगालच्या लष्करी इंजिनियरांपैकीं एक अधिकारी. १८५७ सालीं दिल्लीच्या वेढ्यांत तो होता व तेथें जबर जखमी झाला. पुढें इंग्लंडांत गेल्यावर, हिंदुस्थानासाठीं इंजिनियर तयार करणारें कूपर्स हिल येथील कॉलेज त्याच्याच पुढाकारानें निघालें. फ्रान्सचा जर्मनांनीं पाडाव केला तेव्हां, १८७१ च्या मे महिन्यांत, त्यानें ‘ब्लॅकवुड्‌स मॅगझीन’मध्यें नांव न घालतां ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा छापली. तींत इंग्लंडवर परकी सैन्य उतरतें, सरे परगण्यांतील हिरव्या टेकड्यांवर इंग्रजांची फळी मोडते, आणि एक म्हातारा पन्नास वर्षांनंतर आपल्या नातवंडांना ती नामुष्कीची हकीकत सांगतो. कथेनें इतकी खळबळ उडविली कीं, मुख्य प्रधान ग्लॅडस्टन ह्यांना जाहीर भाषणांत असल्या घाबरटपणाविरुद्ध बोलावें लागलें. दिल्ली पडतांना ज्यानें पाहिली, त्यालाच लंडन पडूं शकेल असें सुचावें, ह्यांत आम्हांस योगायोग वाटत नाहीं.

डॉर्किंगहून फार दूर नसलेल्या वोकिंग ह्या गांवीं १८९५ सालीं एच्. जी. वेल्स राहावयास आला. फ्रँक नांवाचा भाऊ एकदां त्याच्याबरोबर फिरावयास निघाला असतां टास्मानियाच्या मूळ रहिवाशांवर युरोपियनांनीं ओढवलेल्या अनर्थाची गोष्ट निघाली, आणि फ्रँक म्हणाला कीं, आकाशांतून कोणी असेच येथें उतरले तर? ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही कादंबरी १८९७ सालीं ‘पिअर्सन्स मॅगझीन’मधून क्रमशः व १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघाली, अर्पणपत्रिकेंत फ्रँकचें नांव आहे, आणि पहिल्याच प्रकरणांत टास्मानियाचा उल्लेख आहे. मंगळवासीयांना दोष देण्यापूर्वीं आपण काय केलें तें आठवा, असें वेल्स आपल्या इंग्रज वाचकास बजावतो. टास्मानियाचे लोक समूळ नष्ट झाले ही त्या काळची समजूत मात्र चुकीची होती. १८०३ पासून वसाहतवाल्यांनीं त्यांचा अमानुष संहार केला हें खरें, पण त्यांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत व आपलें नांव सांगत आहेत.

वेल्सची करामत अशी कीं, त्यानें अद्भुत तेवढें एकच ठेविलें आणि बाकी सर्व ओळखीचें. त्या दिवसांत तो सायकल शिकत होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांतून फिरतां फिरतां कोणतें ठिकाण मंगळवासीयांकडून उद्ध्वस्त करवावयाचें, हें तो हेरून ठेवी. त्यामुळें कादंबरींत आगगाड्यांचीं स्टेशनें खरीं, रस्ते खरे, दारूचे गुत्ते खरे. पहिल्या हल्ल्याची बातमी शेजारच्या गांवीं पोंचते तरी लोक जेवतात, बाग शिंपतात, आणि गाड्या वेळेवर सुटतात. संकटाच्या पहिल्या दिवशीं माणूस असाच वागतो. मंगळाची निवडही त्या काळास साजेशी होती. इटालियन ज्योतिषी स्कियापारेल्ली ह्यानें १८७७ सालीं मंगळावर रेषा पाहिल्या व त्यांना ‘चर’ अशा अर्थाचा शब्द योजिला. इंग्रजींत त्याचे ‘कालवे’ झाले, आणि लोवेलनें १८९५ सालीं त्या कालव्यांवर पाण्यासाठीं तळमळणारी एक सबंध संस्कृति उभी केली. हा इमला १९६५ च्या जुलैंत ढासळला. ‘मॅरिनर-४’ ह्या यानानें मंगळाचीं बावीस छायाचित्रें पाठविलीं. त्यांत कालवे नव्हते, चंद्रासारखे खळगे होते, आणि हवा पृथ्वीच्या शतांशाहूनही विरळ निघाली. तेव्हांपासून चित्रपटांतील शत्रूस बहुधा गांवच उरलें नाहीं. तो ‘कोठून तरी’ येतो.

पण मंगळ जिवंत होता तोंवर ह्या कथेनें एकदां हवेंतूनही स्वारी केली. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्रीं ऑर्सन वेल्स ह्या तेवीस वर्षांच्या नटानें (नांवांतील साम्य निव्वळ योगायोगाचें) अमेरिकेंत ही कादंबरी नभोनाट्य करून सादर केली. हॉवर्ड कॉख ह्यानें तिचें स्थळ न्यू जर्सींतील ग्रोव्हर्स मिल ह्या खेड्यांत नेलें आणि नाट्यास बातमीपत्राचें रूप दिलें: नृत्यसंगीत चाललें आहे, मध्येंच तें थांबतें, निवेदक एक बातमी सांगतो, पुन्हां संगीत. पहिल्या चाळीस मिनिटांतच मंगळावर स्फोट होतो, नळकांडें पृथ्वीवर आदळतें, सैन्य जळतें आणि न्यूयॉर्क पडतें. घड्याळाकडे पाहणाऱ्या पोरालाही हें अशक्य दिसावें. परंतु एक महिन्यापूर्वींच म्यूनिकच्या पेचप्रसंगांत लोकांनीं असेच कार्यक्रम तोडून आलेले युद्धाचे निरोप ऐकले होते. कान त्या घाटाला सरावले होते. सारी अमेरिका रस्त्यावर धांवत सुटली, ही पुढें रूढ झालेली कथा फुगवलेली आहे. नभोवाणीच्या स्पर्धेनें चिडलेल्या वर्तमानपत्रांचा त्यांत मोठा हात होता. पण घाबरले ते खरेच घाबरले, आणि प्रिन्स्टनच्या कॅन्ट्रिलनें १९४० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे श्रोते आढळतात कीं, त्यांना हा हल्ला जर्मनांचा वाटला होता. मंगळाचें नांव कानांवर पडत असतां मन दुसराच शत्रु पाहत होतें! इक्वेडोर देशांत कीटो येथें १९४९ च्या फेब्रुवारींत हाच प्रयोग झाला, तेव्हां फसवलें गेल्याच्या रागानें जमावानें नभोवाणीची इमारत पेटविली व त्यांत माणसें मेलीं.

चित्रपट आला १९५३ सालीं. जॉर्ज पाल निर्माता, बायरन हॅस्किन दिग्दर्शक, स्थळ कॅलिफोर्निया. मंगळवासीयांचीं यंत्रें तारांवर टांगलेलीं होतीं व चांगल्या पडद्यावर त्या तारा दिसतात. ती त्रुटि आम्हांस मुळींच खुपत नाहीं. त्यांच्यावर अणुबाँब टाकतात आणि तोही वायां जातो. ह्या चित्रपटांत आम्हांस सर्वांत खरें वाटलेलें दृश्य मात्र त्याहून लहान आहे. शहर सोडून पळणारा जमाव शास्त्रज्ञांच्या गाडीवर तुटून पडतो, त्यांना खालीं ओढतो आणि ज्या उपकरणांवर सगळ्यांची आशा होती तीं फेंकून देऊन गाडी पळवितो. स्पीलबर्गनें २००५ सालच्या आपल्या चित्रपटांत असाच प्रसंग पुन्हां घेतला आहे; तेथें हरवलेल्या माणसांचीं भिंतीवर चिकटवलेलीं चित्रें आणि नायकाच्या अंगावरील राख पाहून २००१ च्या सप्टेंबरांतील न्यूयॉर्क कोणास आठवणार नाहीं? त्याच चित्रपटांत शत्रूचीं यंत्रें युगानुयुगें जमिनीखालीं पुरलेलीं दाखविलीं आहेत. शहरांचे पाये, भुयारी रेल्वे, पाण्याचे नळ खणतांना तीं कोणालाच लागलीं नाहींत, हें आम्ही कसेंबसें गिळतों, कारण ती राख खरी असते.

शेवटीं मंगळवासी जंतूंनीं मरतात. ह्या शेवटास पुष्कळजण पळवाट म्हणतात, आणि जीवशास्त्रज्ञ सांगतात कीं, आपले रोगजंतु आपल्याच शरीराशीं जुळलेले; परक्या घडणीच्या देहांत ते रुजतीलच असें नाहीं. तें मान्य करूनही आम्ही वेल्सची बाजू घेतों. तो हक्स्लेच्या हाताखालीं जीवशास्त्र शिकलेला होता, आणि स्वारीचा इतिहासही तो जाणत होता. मेक्सिकोंत १५२० सालीं देवीची सांथ स्वारी करणारांच्या बाजूनें लढली. उलट पश्चिम आफ्रिकेंत हिंवतापानें कोयनेल हातीं येईपर्यंत युरोपियनांना किनाऱ्याच्या आंत फारसें पाऊल टाकूं दिलें नाहीं. मुंबईचें तर काय सांगावें! सतराव्या शतकाच्या अखेरीस येथल्या इंग्रजांतच अशी म्हण पडली होती कीं, माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें. त्यांचीं जहाजें व तोफा शाबूत असत आणि माणसें पटापट मरत.

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे येतों. आमच्या मतें ह्या चित्रपटांची खरी अशक्यता आकाशांत नसून येथें आहे. ‘इंडिपेंडन्स डे’मध्यें तारायंत्राच्या जुन्या कडकट्टांतून निरोप जातो आणि जगांतील सारीं राष्ट्रें एकदिलानें एकाच वेळीं उठतात. शत्रूकडून वकील येत नाहीं, खंडणी मागितली जात नाहीं, तह होत नाहीं, शेजाऱ्याचें राज्य तुला देतों असें कोणी कोणास सांगत नाहीं. अशी स्वारी इतिहासांत आम्हांस आढळत नाहीं. कोर्तेझबरोबर कांहीं शें स्पॅनिश होते; मेक्सिकोचें राज्य घेतलें तें त्लाश्कालाच्या हजारो योद्ध्यांच्या बळावर, आणि एका दुभाषी स्त्रीच्या जिभेवर. आमच्याकडे दुसऱ्या बाजीरावानें १८०२ सालीं वसईस स्वतः सही करून तैनाती फौज घेतली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या माळावर पेशव्यांच्या सैन्याशीं जे लढले त्यांत गोरे थोडे व हिंदी शिपाई फार होते. आणि बारा दिवसांनीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, त्याच्याशीं पुण्याच्या आठवणींत बाळाजीपंत नातू हें नांव जोडलेलें आहे. साडेपांचशें किलोमीटरांच्या नौकेपेक्षां एक बाळाजीपंत स्वस्त पडतो, हें ज्यांना आकाश ओलांडतां येतें त्यांना कळूं नये काय?

हॉलिवुडांत हें कोणालाच सुचलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९८३ सालच्या ‘व्ही’ ह्या दूरदर्शन-मालिकेंत पाहुणे हंसतमुखानें येतात, शास्त्रज्ञांना वाळींत टाकवितात, आणि शेजारच्या घरांतला पोरगा त्यांचा गणवेश घालून मिरवतो. केनेथ जॉन्सननें ती सिंक्लेअर लुइसच्या हुकूमशाहीवरील कादंबरीवरून सुचून रचिली होती. तिच्यांतील यंत्रें आज खेळण्यासारखीं दिसतात, पण तो पोरगा दिसत नाहीं.

आणि वेल्सला तर हें पूर्ण ठाऊक होतें. त्याच्या कादंबरीच्या उत्तरार्धांत तोफखान्यांतला एक सैनिक भेटतो. तो सांगतो कीं, मंगळवासी आपणांस मारून टाकणार नाहींत, पाळतील. गुबगुबीत कारकुनांना पिंजरा सुखाचा वाटेल. आणि कांहीं माणसांना ते इतर माणसांची शिकार करावयास शिकवतील. निवेदक म्हणतो, हें अशक्य. सैनिक त्याला वेड्यांत काढतो. १९५३ च्या चित्रपटांत हा सैनिक नाहीं. २००५ च्या चित्रपटांत तो अर्धामुर्धा आहे. तळघरांत लपून, परकी अंमल कधींच टिकत नाहीं असा इतिहासाचा दाखला तो देतो. तो अंमल कोणाच्या हातांनीं चालतो ह्याविषयीं मात्र अवाक्षर काढीत नाहीं, आणि नायक त्याला एका बंद दाराआड ठार करतो. मूळ प्रकरण आम्हीं भगिनींस वाचून दाखविलें. “मग हें कां गाळलें?” एवढेंच त्यांनीं विचारलें. पुस्तक अद्याप त्यांच्याकडेच आहे.